फाटक नसलेलं उद्यान



गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्यापैकी बरेच जण मोपाच्या विमानतळावरून गोव्यात आले असतील. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथं प्रवासी विमानं उतरू लागली. पुढच्या खेपेला विमान खाली येताना मुलांना खिडकीजवळ बसवा. मे महिना असेल तर खाली तांबूस-काळी, सपाट, उघडी जमीन दिसेल. झाड तुरळक, गवत वाळलेलं. ऑगस्ट असेल तर तीच जमीन हिरवीगार. याला आम्ही सडा म्हणतो. डोंगरमाथ्यावरचं हे कातळी पठार. गोव्यात आल्यावर तुम्ही समुद्र बघायला धावता ते नंतर. तुमचे पाय आधी लागतात ते पेडण्याच्या सड्याला.

आजच्या लेखाला निमित्त माझ्या भाचीचं. ती अमेरिकेत फिनिक्सला असते. शनिवार-रविवारी दोन्ही मुलांना घेऊन साउथ माउंटन पार्कमध्ये चढायला जाते आणि आम्हाला फोटो पाठवते. वाळवंटातले डोंगर, माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे सग्वारो निवडुंग आणि काळ्या खडकांवर होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं. परवा तिनं विचारलं, "मामा, आपल्याकडे असं काही आहे का? मुलांना गोवा म्हणजे बीच एवढंच ठाऊक आहे."

त्या उद्यानाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२४ साली फिनिक्स हे लहानसं गाव होतं. गावाबाहेरचे ते कोरडे डोंगर शेतीच्या कामाचे नव्हते. तरीही शहरानं केंद्र सरकारकडून सुमारे १३,००० एकर जमीन १७,००० डॉलरना विकत घेतली आणि लोकांना फिरायला मोकळी ठेवली. पुढे शहर चहूबाजूंनी पसरलं, घरं उद्यानाच्या कडेपर्यंत आली, डोंगर मात्र शाबूत राहिले. आज ते उद्यान १६,००० एकरांहून मोठं आहे. आपला पेडणे तालुका साधारण २५० चौरस किलोमीटरचा. त्याचा चौथा भाग बाजूला काढला तर जेवढा होईल, तेवढं ते भरेल.

भाचीला मी म्हटलं, आपल्याकडे आहे. फक्त त्याला फाटक नाही, पाटी नाही आणि त्याला कुणी उद्यान म्हणत नाही. माझं आजोळ पेडण्यातलं आणि घर डिचोलीत. या दोन तालुक्यांत सडे आहेत, किल्ले आहेत, कातळात कोरलेल्या गुहा आहेत. मुलांना चालायला लावील, दमवील आणि चार गोष्टी शिकवील असा मुलूख आहे. त्याचीच ओळख आज करून देतो.

आधी सड्याखालचा दगड. घरं बांधायला आपण जो चिरा वापरतो तो हाच. महाराष्ट्रात त्याला जांभा म्हणतात. उष्ण हवा आणि धो-धो पाऊस यांच्या माऱ्यानं मूळ खडकातली सिलिका हजारो-लाखो वर्षं धुपून जाते. मागे राहतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून चिरा तांबडा. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीनंही तासता येतो. वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं मलबारातला हा दगड बघून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. गोव्यातल्या गवंड्याला हे नाव सांगितलं तर तो म्हणेल, विटेसारखा आहे हे आम्हाला ठाऊक होतंच!

मे महिन्यात दुपारी सड्यावर उभं राहिलात तर पायाखालचा कातळ चपलेतूनही भाजतो. लांबवर हवा थरथरताना दिसते. टिटवी तेवढी ओरडत असते. मुलं म्हणतात, इथं काही नाही. देशातल्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघड्या कातळाचा एक वेगळा वर्ग आहे. म्हणजे मुलांचं आणि सरकारी दप्तराचं एकमत आहे.

आता याच मुलांना ऑगस्टच्या शेवटी तिथं परत आणा. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी आणि मूठभर माती साचलेली असते. तेवढ्यावर निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा पसरतो. मध्ये मध्ये गेंदाचे पांढरे बोंडे डुलत असतात. नीट वाकून पाहिलं तर दवबिंदूची इवलीशी रोपं दिसतील. त्यांच्या केसांच्या टोकावर चिकट थेंब असतात आणि त्यावर एखादं चिलट चिकटलेलं असतं. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती. कातळावरच्या मातीत नत्र अगदी थोडं असतं, ते या वनस्पती किड्यांकडून मिळवतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती शाळेच्या पुस्तकात चित्र बघून पाठ करण्यापेक्षा सड्यावर पोटावर पडून बघितली तर जन्मभर लक्षात राहते.

आणि पाणी! सच्छिद्र चिऱ्यातून पावसाचं पाणी आत मुरतं आणि उतारावर झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. पायथ्याचं कुळागर, देवळाची तळी, घरची विहीर, भाताचं शेत, सगळ्यांना ते पाणी मिळतं. सडा वर कोरडा दिसतो, कारण त्याचं पाणी त्यानं खालच्यांना दिलेलं असतं.

आता कुठं जायचं ते सांगतो.

पेडण्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी सतराव्या शतकात बांधलेला. तट आणि बुरूज सगळे चिऱ्याचे. बरीच वर्षं झाडोऱ्यानं गिळलेला होता. अलीकडे राज्य सरकारनं डागडुजी केल्यामुळे आता मुलांना घेऊन आत आरामात फिरता येतं. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा यानं हा किल्ला घेतला. त्याला या विजयाचा एवढा अभिमान, की पुढे तो 'मार्क्विस ऑफ अलोर्ना' म्हणून ओळखला जाऊ लागला. अलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण! त्याची नात लिओनोर द आल्मेदा ही पोर्तुगालची नामवंत कवयित्री. तीही अलोर्नाची मार्क्विस म्हणूनच ओळखली जाते. पोर्तुगालमध्ये या घराण्याच्या एका मळ्याला आणि तिथल्या वाइनला आजही अलोर्ना हेच नाव आहे. लिस्बनमधल्या दुकानात बाटली उचलणाऱ्याला पेडण्यातल्या या वाड्यांची कल्पना नसते. आपल्या मुलांनाही ती नसावी, हे मात्र बरं नाही.

दुसरा किल्ला तेरेखोलचा. केरी गावातून फेरीबोटीनं नदी ओलांडायची. मुलांना किल्ल्याइतकीच फेरीबोट आवडते, हा माझा अनुभव. हाही मूळचा सावंत-भोसल्यांचा, हाही पोर्तुगीजांनी १७४६ मध्येच घेतला. आत सेंट अँथनीचं छोटं चर्च आहे. किल्ल्यात हॉटेल झालेलं असल्यामुळे आत सोडतात का ते आधी विचारून घ्यावं. पण बाहेरूनही समुद्र आणि नदीचं मुख यांचा देखावा डोळे भरून बघता येतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी इथं तिरंगा फडकवला आणि अटक पत्करली. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी. तटाशी उभं राहून हे सांगितलं की शाळकरी मुलंही क्षणभर गप्प होतात.

डिचोलीत पूर्ण एक दिवस काढा. सकाळी हरवळ्याच्या गुहा. चिऱ्यातच कोरलेल्या या खोल्यांत शिवलिंगं आहेत. अभ्यासक त्यांचा काळ पाचवं ते सातवं शतक असा सांगतात. आमच्याकडचे लोक म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरल्या. दोन्ही मुलांना सांगा. मग त्यांना विचारा, मऊ चिरा कोरायला किती दिवस लागत असतील? जवळच रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा आहे. डिचोली शहराशेजारी लामगावला आणखी कोरीव गुहा आहेत, तिथं गर्दी नसते. दुपारी मये तळ्यावर डबा खावा. संध्याकाळी नार्व्याला श्रीसप्तकोटेश्वर. कदंबांचं हे कुलदैवत मूळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ मोडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं गेलं. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथं आहे. २०२३ मध्ये देवळाचं पुन्हा जतन-काम पुरं झालं. नदीच्या एका काठाला पोर्तुगीज राज्य आणि दुसऱ्या काठाला महाराजांनी उभारलेलं देऊळ, हा नकाशा मुलांच्या हाताला धरून तिथंच वाळूत काढून दाखवावा.

या सगळ्या जागा एका दगडाच्या आहेत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. किल्ल्याचा तट चिऱ्याचा, गुहा चिऱ्याची, सड्यावरची फुलं चिऱ्यावरची. कोकणच्या सड्यांवर तर माणसानं त्याहून कितीतरी आधी चित्रं कोरली. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्याच यादीत गोव्यातली सांगे तालुक्यातली, कुशावती नदीकाठची उसगाळीमळची शिल्पंही आहेत. उसगाळीमळची चित्रं १९९३ मध्ये अभ्यासकांना दाखवली ती गावकऱ्यांनी. फिनिक्सच्या खडकावर हरणं आणि आपल्या कातळावर बैल. कोरणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नव्हती, उघडा कातळ दिसल्यावर दोघांनाही एकच सुचलं.

आता थोडं कठीण बोलायचं आहे.

फिनिक्सनं कोरडा डोंगर राखायचा म्हणून विकत घेतला. आपण सड्याकडे रिकामी जागा म्हणून बघितलं. डिचोलीत लोखंडाच्या खाणींनी अख्ख्या टेकड्यांची जागा खड्ड्यांनी घेतली. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या तशा गावोगावच्या विहिरी आटल्या, पावसात खाणमाती वाहून शेतांत बसली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं. ते पुन्हा सुरू झालं आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालानं ८८ लीज रद्द झाले. अलीकडे लिलाव होऊन काही ठिकाणी परत काम सुरू झालं आहे. मी डिचोलीचा आहे. खाण बंद झाली तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या शेजाऱ्यांच्या दारात ते ट्रक वर्षानुवर्षं गंजताना बघितले आहेत. त्यांच्या घरची चूल त्यावर चालत होती. त्यामुळे खाण वाईट आणि आम्ही चांगले, असं सोपं वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

मोपाचंही तसंच. विमानतळाच्या पर्यावरण दाखल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयानं फेरविचार करायला सांगितलं आणि जानेवारी २०२० मध्ये अटी घालून काम पुढे जाऊ दिलं. आज त्याच विमानतळावरून माझी भाची घरी येते आणि तिला आणायला मी आनंदानं जातो. पण एका सड्यावर विमानतळ झाला, की शेजारच्या सड्यावर आणखी काहीतरी व्हावं असं कुणालातरी वाटणारच. त्या वेळी तिथं काय आहे, हे सांगायला गावात कुणी तरी हवा. ज्यानं सडा फक्त मे महिन्यात मोटारीतून बघितला आहे, तो म्हणेल, काही नाही. ज्यानं तो ऑगस्टमध्ये पायी बघितला आहे, तो फुलांची नावं सांगेल, झर कुठं फुटते ते सांगेल. निर्णय काहीही होवो, दुसऱ्या प्रकारची माणसं बैठकीत असावीत एवढं मला वाटतं.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. सड्याच्या वाटेवर एखादा राखणदाराचा दगड असतो. माझी आजी तिथून जाताना झाडाचं पान तोडून त्या दगडावर ठेवी आणि मगच पुढे जाई. गावाची देवी सातेरी, ती वारुळाच्या रूपात पुजली जाते. पावसात याच वारुळांवर रोयणीची अळमी उगवतात आणि रस्त्याकडेला विकायला येतात तेव्हा गाड्या थांबतात. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधतो, तिच्यातली कवंडळं आणि रानफळं कुठून येतात? सड्याच्या उतारावरून, डोंगरातून. घरातला कुणी काका रानात जाऊन ती आणतो, म्हणून माटोळी भरते. त्या काकांनंतर कोण जाणार, हा प्रश्न दर चतुर्थीला मला पडतो. बाजारात विकत मिळतं सगळं, पण मग मुलांना झाड कधी दिसणार?

म्हणून तरुण मंडळींना एक काम देतो. चार मीटर सुतळी घ्या. सड्यावर एक मीटर लांब-रुंद असा चौकोन मांडा. आत किती प्रकारची झाडं-गवतं आहेत ती मोजा, फोटो काढा, जागेची खूण लक्षात ठेवा. हे एकदा मे महिन्यात करा, एकदा ऑगस्टच्या शेवटी आणि एकदा दिवाळीत. नावं ठाऊक नसली तरी चालेल, आकडा लिहा. घरच्या वडीलधाऱ्यांना फोटो दाखवून स्थानिक नाव विचारा. आमच्या वाड्यावरची मुलं गेली काही वर्षं हे करतात. मे महिन्यातल्या चौकोनात तीन-चार प्रकार मोजणारी मुलं ऑगस्टमध्ये वीसच्या पुढे गेली की भांडायला लागतात, हे आधीच मोजलं होतं का म्हणून. त्या भांडणात त्यांना सडा कळतो. परदेशात असाल तर तिथल्या डोंगरावर हाच चौकोन मांडा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

जाण्याआधी थोडी काळजी. पावसाळ्यात सकाळी लवकर जावं. उघड्या सड्यावर वीज पडण्याचा धोका असतो, ढग गडगडू लागले की खाली उतरावं. शेवाळलेला चिरा साबणासारखा निसरडा होतो, बूट चांगले हवेत. हरवळ्याच्या धबधब्यात पावसात उतरू नये. प्रशासन अशा वेळी बंदी घालतं ती जीव गेल्यानंतरच्या अनुभवानं. सोडून दिलेल्या खाणींतलं हिरवं-निळं पाणी फोटोत सुंदर दिसतं, पण त्याचे काठ ढासळतात आणि खोली कळत नाही. तिथं जाऊच नका. पहिल्या पावसात निघणारे बेडूक पकडणं कायद्यानं गुन्हा आहे, कुणी आग्रह केला तरी नाही म्हणा. फुलं तोडू नयेत, फुलांच्या गालिच्यावर गाडी तर मुळीच नेऊ नये. पाण्याच्या बाटल्या, चिप्सच्या पिशव्या जशा आणल्या तशा परत न्याव्यात. घरून निघताना पेजेची नाही तरी पाव-भाजीची सोय करावी, वर दुकान मिळणार नाही.

भाची डिसेंबरमध्ये येते आहे. फुलं तेव्हा संपलेली असतील, गवत सोनेरी झालेलं असेल. हळर्णच्या तटावर मुलांना चढवायचं आणि मग सड्यावर सुतळीचा पहिला चौकोन मांडायचा, असं ठरलं आहे. ऑगस्टमधला आकडा आमच्या वाड्यावरची मुलं मोजून त्यांना पाठवणार आहेत. तुमचा आकडा किती आला, तेही आम्हाला जरूर कळवा.